मॉम आर्डीची मेणबत्ती

टेबलक्लॉथला अर्धी इस्त्री झाली होती. एक बाजू सपाट, कडक. दुसरी अजून चुरगळलेली, बोर्डावरून खाली लोंबणारी. आर्डिसनं इस्त्री उभी करून ठेवली आणि ती खिडकीशी गेली. क्रौंच आले होते. मार्च लागला की ते येतातच. नदीच्या उथळ पाण्यात रात्र काढायची आणि उजाडलं की मक्याच्या कापलेल्या शेतांवर उतरायचं. त्यांचा तो घशातला घरघरता आवाज विद्यापीठाच्या हिरवळीवरून, ग्रंथालयाच्या छपरावरून थेट या घराच्या मागच्या खोलीपर्यंत पोचायचा. ती दोघं शेतावर राहत होती तेव्हा हा आवाज आला की तिचा नवरा डेल बुटांसकट दारात उभा राहून ओरडायचा, "आले गं तुझे पाहुणे!" डेलला देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली. शेत विकलं, धान्याची कोठारं दुसऱ्याची झाली. पण मार्चमध्ये तिचे कान अजून दाराकडे लागायचे.

दारात आली ती टॅरिन, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून.

"मॉम आर्डी, कुणाची आहे गं?"

"कुणाची काय?"

"नाटक नको हं. मेणबत्ती! मी अध्यक्ष आहे मंडळाची. मला तरी सांग."

"तुझ्या आधीच्या अध्यक्षांनाही कधी सांगितलं नाही. तास चुकेल तुझा, जा."

"सगळ्या वेड्या झाल्यात. काल तू म्हणालीस सोमवारी मेणबत्ती, तेव्हापासून कुणी पुस्तक उघडलेलं नाही. निदान मजला सांग. वरचा की मधला?"

"टॅरिन, केस वाळव. सर्दी झाली की माझ्याच दारात येशील शिंकत."

टॅरिन हिरमुसून गेली आणि आर्डिसनं इस्त्री हातात घेतली. ती गार झाली होती. कापडावर पाण्याचा हबका मारून तिनं ती पुन्हा गरम व्हायला ठेवली आणि तशीच उभी राहिली, कारण टॅरिननं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस म्हणजे ती स्वतः.

या घरात चाळीसेक मुली राहायच्या. विद्यापीठाच्या रस्त्यावर अशी घरं ओळीनं उभी आहेत, एकेका मंडळाचं एकेक, दारावर ग्रीक अक्षरं लावलेली. मुलींच्या प्रत्येक घरात तळमजल्यावर दोन खोल्यांत एक वडीलधारी बाई राहते. किल्ल्या तिच्याकडे, सोमवारच्या जेवणाला टेबलाच्या टोकाची खुर्ची तिची. बॉयलर बंद पडला तर माणूस तीच बोलावते, परीक्षेच्या दिवसांत कुणाला ताप आला तर दवाखान्यात तीच नेते. मुली तिला मॉम म्हणतात. बाई एकटी हवी, एवढीच अट. नवरा असलेल्या बाईला त्या दोन खोल्यांत जागा नाही.

आर्डिस आली तेव्हा एका वर्षापुरतं म्हणून आली होती. डेलनंतर रिकाम्या घरात बसवेना, म्हणून. तिला स्वतःला मूल झालं नव्हतं. पहिल्या आठवड्यात एका मुलीनं जिन्यावरून हाक मारली, "मॉम, माझा निळा स्वेटर पाहिलास का?" आणि आर्डिस कपडे वाळवायच्या खोलीत जाऊन, दार लावून, थोडा वेळ उभी राहिली. मग स्वेटर शोधून वर नेऊन दिला. त्यानंतर तेरा वर्षं गेली.

कॉलेज चालू असलेले महिने चांगले जायचे. मे मात्र तिला सोसवत नसे. शेवटची परीक्षा झाली की रस्त्यावर बापलोकांच्या गाड्या लागायच्या. गाद्या, आरसे, दिवे, कुंड्या जिन्यावरून खाली यायच्या. मिठ्या, रडारड, "मॉम आर्डी, फोन करीन हं." दोन दिवसांत घर रिकामं. मग ती एक पिशवी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायची. पलंगांखाली एकेकटे मोजे, केसांचे चिमटे, भिंतीवर फोटो काढल्याचे चौकोनी डाग. घराला कुलूप लावून ती यँकटनला बहिणीकडे जायची आणि ऑगस्टपर्यंत त्यांच्या बैठकीतल्या सोफ्यावर झोपायची. मेहुणा बेसबॉल बघून उठेपर्यंत अंथरूण घालता येत नसे. बहीण चांगली होती, कधी शब्दानं बोलली नाही. पण तिच्या फडताळातली कपबशी घेतानाही आर्डिस आधी विचारायची.

ती रोज रात्री देवाचे आभार मानायची. अन्न होतं, छप्पर होतं, हाक मारायला चाळीस पोरी होत्या. आणखी मागणं हावरटपणाचं, असं तिला वाटे. तरी आभार मानून झाले की एक गोष्ट जिभेवर येऊन थांबायची, आणि ती गोष्ट सांगायचीही तिला लाज वाटायची, इतकी ती बारकी होती. तिला कुणासाठी तरी एक अंडं तळायचं होतं. घरातलं जेवण रोझाल्बा रांधायची, मोठाल्या ट्रेमधून, चाळिसांसाठी. आर्डिसच्या खोलीत चहापुरती शेगडी होती. सकाळी उठून, कुणीतरी अजून झोपलेलं असताना, तव्यात लोणी घालावं, त्याला कसं आवडतं ते आपल्याला ठाऊक असावं, आणि वासानंच त्यानं जागं व्हावं. एवढंच.

वेंडेल हाउग निवृत्त पोस्टमन होता. या रस्त्यावरच्या सगळ्या घरांचं टपाल त्यानं आयुष्यभर टाकलं होतं. त्याची बायकोही गेलेली. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात दर बुधवारी चर्चच्या तळघरात सूप आणि पावाचं जेवण असतं, त्यानंतर भांडी घासायला ती दोघंच मागं राहायची. तो घासायचा, ती पुसायची. गेल्या बुधवारी त्यानं शेवटचं पातेलं तिच्या हातात दिलं आणि नळ बंद केला.

"आर्डिस, माझ्या शेगडीला चार बर्नर आहेत."

"बरं."

"मी एकच वापरतो."

ती पातेलं पुसत राहिली. पुसून झालेलं पुन्हा पुसलं.

"मी नीट बोलत नाही," तो म्हणाला. "पत्ते वाचण्यात जन्म गेला. लग्न कराल का माझ्याशी, असं विचारतोय. घाई नाही. बुधवारी सांगा."

"कुठल्या बुधवारी?"

"कुठल्याही."

तिच्या मनात होकार होता. शब्द मात्र आला नाही. गाडीत बसून घरी येताना तिनं तो मोठ्यानं म्हणून बघितला, तर आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. देवाकडे खूण मागणं तिला पटत नसे, ती लबाडी वाटे. म्हणून तिनं धीर मागितला. आणि मग तिला मेणबत्ती सुचली.

या घरात लग्न ठरलं की ते असं येताजाता सांगायचं नसतं. मुलीनं, किंवा तिच्या मित्राला तिलाच चकित करायचं असेल तर त्यानं, गुपचूप मॉमला सांगायचं. मॉम अध्यक्षाला एवढंच सांगणार की मेणबत्ती आहे. सोमवारच्या जेवणानंतर बैठकीत पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, सगळ्यांनी गोल करायचा आणि पेटलेली मेणबत्ती हातोहात फिरवायची. जिची असेल ती फुंकणार; मित्राचा बेत असेल तर मेणबत्ती तिच्या हातात येताच तो दारातून येणार. मग किंचाळ्या. या तेरा वर्षांत मेणबत्ती पेटवायचं काम आर्डिसचं. तीही त्या गोलात, पियानोपाशी उभी राहायची. मेणबत्ती तिच्या हातात यायची, हनुवटीला ऊब लागायची आणि ती पुढच्या मुलीला देऊन टाकायची. तिला वाटलं, या पोरींसमोर ती एकदा फुंकली की तोंडून शब्दही निघेल. श्वास तरी खोटं बोलणार नाही.

दुपारी ती भाज्यांचं बघायला स्वयंपाकघरात गेली तर रोझाल्बा बटाट्यांवर खेकसत होती.

"अर्धे सडके निघाले. उद्या दुसरे आणायला लागतील. आणि आज एक ताट जास्तीचं, त्या मकेनाची आई येणारे जेवायला."

"मकेनाची आई? सोमवारी?"

"मला काय माहीत. तुमच्या पोरी आज माणसांत नाहीत. दोघी येऊन विचारून गेल्या, केकवर चांदीचे मणी लावतेस का. म्हटलं, कुणाच्या नावानं? तर खिदळत पळाल्या."

आर्डिसला तेव्हाच उमगायला हवं होतं. पण तिचं चित्त स्वतःच्या छातीतल्या धडधडीपाशी होतं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर प्रार्थनेसाठी तिनं डोळे मिटले, उघडले, आणि समोर मकेना दिसली. शेवटच्या वर्षाची, लांब मानेची, हळवी पोरगी. ती आणि तिचा मित्र कोल्बी शाळेपासून एकत्र होती. तिनं पांढरा ड्रेस घातला होता. नखं ताजी रंगवलेली, फिकट गुलाबी, आणि डावा हात तिनं टेबलावर असा ठेवला होता जसा कुणी फोटोसाठी ठेवतं. शेजारी तिची आई, केस सेट करून आलेली, उगाचच आर्डिसकडे बघून हसणारी.

मग टॅरिन वाकून तिच्या कानात म्हणाली, "मॉम, आता सांगायला हरकत नाही. शुक्रवारी कोल्बी बैठकीत तुझ्याशी कुजबुजत होता ना, ते दोघींनी जिन्यावरून पाहिलं होतं, मला आज तासाला कळलं. मकेनालाही कळलंय. ती चकित झाल्यासारखं दाखवणार आहे, तू काळजी करू नकोस."

आर्डिसनं काटा खाली ठेवला. शुक्रवारी कोल्बीच्या गाडीची बॅटरी उतरली होती. ती चालू करायला दुसऱ्या गाडीला जोडायच्या केबल मागायला तो आला होता. कुजबुजत होता कारण शेजारच्या खोलीत मुली अभ्यास करत होत्या.

"टॅरिन, ऐक, जरा थांबवू या—"

पण खुर्च्या सरकल्या होत्या. मुली बैठकीकडे पळाल्या, कुणीतरी पडदे ओढले, कुणीतरी मकेनाच्या आईला मध्ये घेतलं. दिवे गेले. आगपेटी आर्डिसच्या हातात कोंबली गेली. तिला एकच गोष्ट सुचली. मेणबत्ती मकेनापर्यंत पोचू द्यायची नाही. पेटवली की लगेच फुंकायची. निदान पोरीच्या हातात यायच्या आधी.

तिनं मेणबत्ती पेटवली. मुलींनी घराचं गाणं हळू आवाजात धरलं. आर्डिसनं ज्योत तोंडापाशी धरली, डोळे मिटले आणि फुंकली.

अंधार झाला. गाणं थांबलं. आणि मग सगळा गोल हसायला लागला.

"अगं मॉम आर्डी! श्वास जपून!"

"शिंकली बहुतेक."

"म्हातारीची फुफ्फुसं दणकट आहेत हं!"

"पडद्यातून वारा येतो त्या कोपऱ्यात, मी सांगत होते."

कुणीतरी लायटर काढला. खट्. ज्योत पुन्हा उभी राहिली आणि टॅरिननं ती काळजीनं आर्डिसच्या हातातून घेऊन पुढच्या मुलीकडे दिली. एकीलाही शंका आली नाही. वाईट हेतूनं नव्हे. भिंतीवरचं घड्याळ लग्न करेल असं जितकं त्यांच्या मनात आलं असतं, तितकंच मॉमचं आलं. आर्डिस पियानोला हात टेकून उभी राहिली आणि तिला वाटलं, बरोबरच आहे. देवानं सांगितलं. आता गप्प राहायचं. मेणबत्ती कुणीच फुंकणार नाही, मुली म्हणतील मॉमचा काहीतरी घोटाळा झाला, आणि मे महिन्यात ती पिशवी घेऊन खोल्यांतून फिरेल.

मेणबत्ती मकेनाकडे आली. तिनं ती दोन्ही हातांत धरली. ज्योतीच्या उजेडात तिचा चेहरा असा दिसत होता की आर्डिसला बघवेना. मकेनानं दाराकडे पाहिलं. कोल्बी दारातून येणार, गुडघा टेकणार, अशी ती वाट पाहत होती. कुणी आलं नाही. तिनं ओठ जुळवले. फुंकायला.

"मकेना, नको!" आर्डिस म्हणाली. "ती माझी होती."

"काय तुझी होती?" टॅरिन म्हणाली.

"मेणबत्ती. मी मुद्दाम फुंकली. वेंडेल हाउगनं मला लग्नाचं विचारलंय."

मग किंचाळ्या फुटल्या, या घरात आजवर फुटल्या नव्हत्या अशा. मुलींनी तिला चारी बाजूंनी धरलं आणि चर्चच्या तळघरातल्या भांड्यांची हकीकत वदवून घेतली. "पोस्टमन? तो उंच? मॉम, तू तर छुपी रुस्तम निघालीस!" मकेनाच्या आईनंही तिला मिठी मारली, पण तिचे हात गार होते. मकेना आली, गालाला गाल लावला, "छान झालं, मॉम," म्हणाली. आणि गर्दी थोडी पांगली तेव्हा ती तिथं नव्हती.

आर्डिस जिना चढली. गुडघ्यांमुळं ती सहसा वर जात नसे. मकेना पलंगावर बसून कापसानं नखांवरचा रंग काढत होती.

"कोल्बी शुक्रवारी काय बोलला तुझ्याशी?" वर न बघता तिनं विचारलं.

"गाडीची बॅटरी उतरली होती. केबल मागितल्या."

मकेनाचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती, तिलाही कळत नसावं.

"आई दीड तास गाडी चालवून आली. केबलसाठी."

"माझी चूक झाली गं बाळ. माझ्या लक्षातच आलं नाही की दुसऱ्या कुणी वाट बघत असेल."

"त्यानं विचारलंच नाही कधी. मीच धरून बसले. प्रत्येक मेणबत्तीला वाटतं, आता आपली." तिनं कापूस टाकला. "आणि तू! तुझं वय काय, मॉम! तुला भांडी घासता घासता मिळतं!"

"हो," आर्डिस म्हणाली. "मलाही ते बरोबर वाटत नाही."

ती पलंगाच्या कडेला बसली. खालून मुलींचा गलका येत होता, कुणीतरी पियानोवर लग्नाची धून चुकीची वाजवत होतं.

"तू जाणार म्हणजे."

"मेमध्ये. तुम्ही गेल्यावर."

"मला वाटायचं, मी कधी माझ्या मुलीला घेऊन आले तरी तू इथंच असशील. खालच्या खोलीत." मकेनाचा आवाज चिरकला. "तुला इथं आवडत नव्हतं का?"

सकाळपर्यंत आर्डिसला वेंडेलचं नदीकाठचं छोटं घर हवं होतं, चार बर्नरची शेगडी हवी होती, झोपेतून उठणारं एक माणूस हवं होतं. आता ते जवळजवळ हातात आलं, तर तिला ही खोली हवीशी वाटत होती, भिंतीवरचे फोटो, उघडं पडलेलं कपाट, हा नखाच्या रंगाचा वास. पुढच्या ऑगस्टला जिन्यावरून कुणीतरी स्वेटर विचारेल आणि उत्तर दुसरी बाई देईल. देव एक दार उघडतो तेव्हा मागचं लावून घेतो की काय, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं लगेच मनातल्या मनात क्षमा मागितली.

"फार आवडत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर शब्द फुटत नव्हता."

मकेनानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग नाक पुसून तिनं विचारलं, "मग मिस्टर हाउग काय म्हणाले? तू हो म्हणालीस तेव्हा?"

आर्डिसनं खाली पडलेला कापूस उचलला.

"मॉम?"

"त्यांना अजून सांगितलं नाही."

मकेना ताडकन उठून बसली. "मॉम आर्डी! चाळीस मुलींना माहीत, माझ्या आईला माहीत, आणि नवऱ्याला नाही?"

"आधी इथं म्हणून बघायचं होतं मला."

"अगं, खाली सगळ्यांच्या हातात फोन आहेत! उद्या नाश्त्यापर्यंत अख्ख्या विद्यापीठाला कळेल. तो कॉफी प्यायला जातो ना त्या कोपऱ्यावर? कुणीतरी अभिनंदन करेल त्याचं!" आणि आता ती खरोखर हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. "लग्न तरी त्याला बोलावून करणारेस ना?"

सकाळी क्रौंच उठायच्या आधीच आर्डिस उठली. प्रार्थना केली. मकेनासाठीही केली, त्या कोल्बीला तोंड फुटावं किंवा पोरीला त्याच्याशिवाय धीर यावा, दोन्हींपैकी देवाला जे बरं दिसेल ते. स्वयंपाकघरात रोझाल्बानं तिला बघून फक्त भुवया उंचावल्या आणि अंड्यांचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

"जाताय का त्याच्याकडे?"

"जाते."

"मग उभ्याउभ्या कॉफी तरी घ्या."

आर्डिसनं दोन घोट घेतले, कोट घातला, घराच्या किल्ल्या रोझाल्बाकडे दिल्या. जिन्यावर अजून कुणी उठलं नव्हतं. ती पायरीपाशी क्षणभर थांबली, वर कुणी हाक मारतं का ते ऐकत. मग बाहेर पडून तिनं गाडी सुरू केली. तिला वेंडेलकडे जाऊन, तो कॉफीला निघायच्या आत, हो म्हणायचं होतं, आणि परतताना दुकानातून बटाट्यांची गोणी आणायची होती.